पालिकेची शाळा, पट आणि गुणवत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी दोन्ही मुलं आमच्या तालुक्याच्या गावातल्या नगरपरिषदेच्या मराठी शाळेत शिकली. मधली चार वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. ते पद केव्हाच गेलं, पण एप्रिल उजाडला की फोन आणि मेसेज अजून येतात. प्रश्न तेच असतात, विचारणाऱ्या आया बदलतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना आकडे दिलेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं असतं.

१. पालिकेची शाळा आणि झेडपीची शाळा यात फरक काय?

चालवणारा वेगळा. नगरपरिषदेच्या हद्दीत बहुतेक प्राथमिक शाळा पालिकेच्या असतात, हद्दीबाहेर जिल्हा परिषदेच्या. बालभारतीची पुस्तकं, पोषण आहार, परीक्षा, शिक्षण हक्क कायदा सगळं सारखंच. जाणवणारा फरक बदल्यांचा. झेडपीचे गुरुजी जिल्ह्यात फिरतात, पालिकेचे बहुधा त्याच गावात राहतात. चांगले मिळाले तर नशीब, नाही तर तेही वर्षानुवर्षं तेच. आणखी एक फरक आहे आणि तो नवोदयच्या, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळेच्या, प्रवेशाच्या वेळी नेमका आडवा येतो, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. पहिलीसाठी वय किती लागतं? माझा मुलगा डिसेंबरचा आहे.

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे डिसेंबरचा मुलगा बसतो, जानेवारीचा पुढच्या वर्षी. बसतो म्हणून बसवलाच पाहिजे असं मात्र नाही. नोव्हेंबर-डिसेंबरची मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात आणि पहिलीत सहा-आठ महिन्यांचा फरक पेन्सिल धरण्यापासून दिसतो. घाई नसेल तर एक वर्ष अंगणवाडीत राहू द्या.

३. जन्मदाखला नाही, आधारही नाही. प्रवेश मिळेल का?

मिळेल, आणि कुणी नाही म्हणू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं १४ वं कलम सांगतं. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचं लेखी निवेदन. प्रवेशाची मुदत टळली म्हणूनही नाकारता येत नाही, ते १५ वं कलम. तरीही बाई आधारसाठी मागे लागतात, त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

नाव घालताना जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते स्वतः वाचा. आडनाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, सगळं. तीच नोंद दाखल्यावर उतरते आणि दहावीच्या फॉर्मपर्यंत पोरगं तीच घेऊन चालतं. पहिलीतली चूक पाच मिनिटांत सुटते, दहावीनंतरची चूक राजपत्रापर्यंत नेते.

४. खरंच सगळं फुकट आहे का? मागून काही मागतात का?

आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण शाळेत. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्याचा हिशेब असतो. गणवेशही मोफत. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं, बचत गटांकडून शिवून घेतलं गेलं. पुष्कळ ठिकाणी ते वेळेत पोचलं नाही, मापंही चुकली. शेवटी हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. गावातला शिंपी गावातल्या पोराचं माप घेतो, एवढी साधी गोष्ट.

वर्गणी काढली जाते, नाकारण्यात अर्थ नाही. पंखा, रंगकाम, स्नेहसंमेलन. द्यायची तर द्या, नाही तर नका देऊ. त्यावरून मुलाला कुणी एक शब्द बोललं, तर समितीत मांडा.

५. 'पट' म्हणजे नक्की काय? आणि सप्टेंबर आला की सगळे शिक्षक एवढे का घाबरतात?

पट म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं. रोज येतात ती हजेरी. दोन्ही आकडे वेगळे आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

३० सप्टेंबरच्या पटावर 'संच मान्यता' होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राज्याने हे आणखी आवळलं. नवं पद मिळायला लागणारा आकडा आता असलेलं पद टिकवायला लागणाऱ्या आकड्याहून मोठा आहे. गेलेला शिक्षक परत आणणं म्हणूनच फार अवघड. आणि मोजलं जातं ते आधार जुळलेलं मूल.

आमच्याकडे एका वर्षी २६ सप्टेंबरला पट ६० होता. बरोबर ६०. एकसष्टावी मुलगी बसस्टँडमागच्या पालावर सापडली. नऊ वर्षांची, शाळेत कधी न गेलेली. मोठ्या बाई स्वतः जाऊन तिच्या आजीशी बोलल्या. मुलगी दुसऱ्या दिवशी आलीसुद्धा. पण आधारवर तिच्या नावापुढे 'पुरुष' छापलेलं. ऑनलाइन काही केल्या जुळेना. दोन दिवस एक शिक्षक वर्ग सोडून तिला सेवा केंद्रात घेऊन बसला होता. तिसरं पद त्या मुलीमुळे टिकलं. शाळाबाह्य मूल शोधणं हे तर वर्षभराचं काम, ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालं, हे तेव्हाही खटकलं होतं. पण झालं.

६. पालिका शाळांचा पट का घसरतोय? शिकवत नाहीत म्हणूनच ना?

ते एक कारण आहे, एकमेव नाही. पहिलं म्हणजे मुलंच कमी जन्माला येतात. ज्या गल्लीत घरटी तीन-चार पोरं असायची तिथे आता एक-दोन आहेत. दुसरं, व्हॅन. इंग्लिश मीडियमची व्हॅन सकाळी दारात येते, तिसऱ्या वर्षापासून नर्सरीत नेते. आपली पहिली सहाव्या वर्षी उघडते, तोवर मूल तिकडे रुळलेलं असतं. तिसरं, बरीच घरं पुण्याला नाही तर जिल्ह्याच्या गावी गेली. चौथं आमच्यासारख्या छोट्या गावातलं खास: पाचवीची गळती. त्यावर पुढचाच प्रश्न आहे.

पट घसरला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की दोन वर्ग एकत्र बसतात, ते बघून आणखी चार पालक मूल काढतात. त्यामुळे 'शिकवत नाहीत म्हणून पट गेला' की 'पट गेला म्हणून शिकवता येईना', हे पुष्कळदा उलगडत नाही.

सगळीकडे सरळ घसरणच आहे असंही समजू नका. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत (तिच्याबद्दल प्रश्न १० मध्ये) देशाच्या ग्रामीण भागातली ६ ते १४ वयाची ६५.६ टक्के मुलं २०१८ मध्ये सरकारी शाळांत होती. करोनात फी परवडेना, तेव्हा २०२२ मध्ये हा आकडा ७२.९ झाला आणि २०२४ मध्ये ६६.८ वर आला. म्हणजे आलेली मुलं सांभाळता आली नाहीत. मला विचाराल तर खरं अपयश हे.

७. चौथीची परीक्षा झाली नाही तोच हायस्कूलचे सर घरी येऊन दाखला मागतात. द्यायचा का?

आपल्याकडे वर्षानुवर्षं पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवीपासून हायस्कूल. शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकला जोडली, पण अनुदानित हायस्कुलांतले पाचवीचे वर्ग होते तिथेच राहिले. त्यांच्याही शिक्षकांच्या डोक्यावर संच मान्यतेची तीच तलवार. वर्ग तुटला की 'अतिरिक्त' व्हायचं आणि समायोजनात कुठेतरी लांब जायचं. म्हणून भर उन्हात दोन-दोन सर मोटरसायकलवरून गल्ल्या पालथ्या घालतात.

माझ्या धाकट्याच्या वेळी एका हायस्कूलचे सर ओट्यावर बसले, चहा घेतला आणि दप्तर, सहा वह्या, वर सायकल मिळवून देण्याचं कबूल केलं. तासाभराने दुसऱ्या हायस्कूलचे आले. त्यांनी व्हॅनचं भाडं माफ केलं. अभ्यासाबद्दल दोघांपैकी कुणी बोललं नाही, मी विचारेपर्यंत.

त्या सरांवर माझा राग नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण दाखला काढणं हा तुमचा निर्णय, तुमच्या सहीचा. पालिका शाळेत पाचवी असेल आणि मूल रमलं असेल, तर सायकलीपायी हलवू नका. आणि कोऱ्या अर्जावर सही तर कुणालाच देऊ नका.

८. शाळेचा निकाल १०० टक्के आहे. म्हणजे चांगलीच ना?

नाही. ज्या इयत्तांत नापास करताच येत नाही, तिथे १०० टक्क्यांत विशेष काही नाही. (पाचवी-आठवीचा अपवाद प्रश्न १६ मध्ये.) प्रगतिपुस्तकावरचा 'अ-१' पण फार मनावर घेऊ नका. तिसरीच्या एका वर्गात २४ पैकी १९ मुलांना मी 'अ' श्रेणी पाहिली आहे आणि त्यातल्या काहींना फळ्यावरचा सुविचार वाचता येत नव्हता. अशी प्रगतिपुस्तकं खासगीतही मिळतात, तिथे कागद तेवढा गुळगुळीत असतो.

९. मग शाळा चांगली आहे हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी करा, एकाला पण पैसे लागत नाहीत.

शाळा भरताना जाऊ नका, तेव्हा सगळं छानच असतं. मधल्या सुट्टीनंतर अर्ध्या तासाने जा. दारातून बघा, किती वर्गांत शिक्षक आहेत, किती वर्ग एखाद्या हुशार मुलीच्या हवाली आहेत. शिक्षक नसेल तर कुठे गेलाय तेही विचारा, कारण बऱ्याचदा तो मतदारयादी, माहिती भरणं, प्रशिक्षण यात खरोखरच अडकलेला असतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं लावायची नाहीत असं २७ वं कलम म्हणतं. शाळांना रोज येणारे लिंक आणि फॉर्म त्या कलमाला माहीत नसावेत.

दुसरं, तिसरी-चौथीच्या वह्या मागा. पहिल्या दोन पानांवर लाल शाई सगळीच असते. मधली पानं उघडा. चूक नुसती फुलीने खोडली आहे की शेजारी दुरुस्ती करून घेतली आहे?

तिसरं घरी. मुलाला न पाहिलेला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला द्या, पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. मग हातच्याची वजाबाकी, ४१ वजा १३. चौथीच्या पुढे असेल तर तीन आकडी संख्येला एक आकडी भागाकार. माझ्या थोरलीने तिसरीत ४१ मधून १३ वजा करून ३२ लिहिले होते. मोठ्यातून लहान वजा, तीन वजा एक दोन, चार वजा एक तीन, तिचं तर्कशास्त्र पक्कं होतं. दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही. बाईंना वही नेऊन दाखवली तर त्या म्हणाल्या, "अहो, अर्धा वर्ग असंच करतो." त्या महिन्यात त्यांनी आगपेटीच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधून सगळ्यांकडून परत करून घेतलं.

१०. 'असर', 'नॅस', 'परख' यात आमच्या शाळेचा नंबर कितवा?

कितवाच नाही. या पाहण्या शाळेला गुण देत नाहीत. 'असर' ही 'प्रथम' संस्थेची पाहणी ग्रामीण भागात घरोघरी होते. प्रश्न ९ मधला उतारा आणि गणितं त्याच धर्तीची. केंद्राचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, म्हणजे 'नॅस', नोव्हेंबर २०२१ मध्ये तिसरी, पाचवी, आठवी, दहावीचं झालं. डिसेंबर २०२४ मध्ये 'परख' नावाने तिसरी, सहावी, नववीचं झालं. त्यातही शाळा नमुन्याने निवडतात. जिल्हा कुठे आहे ते कळतं, तुमची गल्ली नाही.

चित्र कळायला मात्र ते आकडे हवेतच. 'असर' २०२४ मध्ये देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती. सुधारणा आहे, आणि तरीही चारातली तीन मुलं अडखळतात.

११. सेमी इंग्रजी घेऊ की सरळ इंग्लिश मीडियम?

घरी इंग्रजी बोलणारं कुणी नसेल तर सेमी. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. इंग्रजी हा विषय तर राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. सेमीच्या पाटीवर मात्र जाऊ नका, शिकवणाऱ्या बाई ते गणित इंग्रजीत समजावतात की फक्त आकडे इंग्रजीत म्हणतात, ते बघा. हेच छोट्या गावातल्या इंग्लिश मीडियमलाही लागू. टाय कुणालाही बांधता येतो.

१२. दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे आहेत. मूल मागे पडेल का?

शिक्षकावर आहे. तयारीचा शिक्षक असेल तर लहान मुलं मोठ्यांचं ऐकत शिकतात, मोठी लहानांना सांगत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या छोट्याशा झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा लहान शाळा म्हणजे कमी शाळा हे डोक्यातून काढा. पण तयारी नसेल तर एक वर्ग शिकतो आणि दुसरा पाढे लिहितो. वहीत रोज पाढेच दिसले तर समजून जा.

१३. आमच्या वस्तीच्या शाळेचा पट १४ आहे. बंद होणार का?

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले गेले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं दिली होती. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार. विरोध झाला आणि सरसकट तसं घडलं नाही. पुढे २०२४ मध्ये अशा शाळांत दुसरा शिक्षक कंत्राटी देण्याचा निर्णय आला, तेव्हा शिक्षक रस्त्यावर उतरले.

तुमच्या हातात कायदा आहे: पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. विलीनीकरणाची भाषा झाली तर समितीचा ठराव लेखी द्या, त्यात अंतर, ओढा, हायवे सगळं लिहा. "मुली जाणार नाहीत" असं नुसतं बोलून उपयोग नाही, कोणत्या घरच्या किती मुली ते लिहा.

१४. २५ टक्क्यांतून खासगी शाळेत नंबर लागला. पालिकेतून काढू का?

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांसाठी राखलेल्या या २५ टक्के जागा. अर्ज ऑनलाइन, सोडत लॉटरीने आणि प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात, नर्सरी किंवा पहिली. मुलगा तिसरीत असेल तर प्रश्नच मिटला. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, दुर्बल गटाला वर्षाला एक लाखाच्या आत. सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरवर असेल तर खासगीला यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

नंबर लागला तर जा, हक्क आहे तुमचा. फक्त आजच हिशेब मांडा: ही सवलत आठवीला संपते, नववीची पूर्ण फी तुमची.

१५. पालिका शाळेतून नवोदय, शिष्यवृत्ती यांना बसता येतं का?

बसता येतं, आणि एका बाबतीत फायदाच आहे. आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये.

नवोदयचा घोळ असा: किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. गाव कितीही खेड्यासारखं असलं तरी नगरपरिषदेची हद्द म्हणजे शहरी. तिसरी, चौथी, पाचवीत एक दिवसही शहरी हद्दीतल्या शाळेत गेलेलं मूल शहरी धरतात. त्यामुळे पाच किलोमीटरवरच्या वाडीतून 'चांगली शाळा' म्हणून तिसरीत गावात आणलेल्या मुलाचा ग्रामीण हक्क जातो. आमच्याकडे हे तिघांचं झालं, अर्ज भरताना कळलं.

१६. पाचवीत नापास करतात हे खरं का?

हो. २०१९ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, जमलं नाही तर जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा, तरीही नाही तर त्याच वर्गात. शाळेतून काढता मात्र येत नाही.

१७. इंग्लिश मीडियममधून परत आणायचंय, पण फी बाकी म्हणून दाखला अडवलाय.

मुलाला उद्या सकाळी पालिका शाळेत घेऊन जा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा किंवा लांबवायचा नाही, हे ५ व्या कलमात आहे. वयानुसार वर्ग मिळतो, चाचणी घ्यायची नाही. ऑनलाइन नाव जुन्या शाळेकडे अडकलेलं राहतं, त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि पोच घ्या. राहिलेली फी हा त्या शाळेचा आणि तुमचा व्यवहार, मुलाला त्यात ओढायचं नाही.

१८. नाव पालिकेत ठेवून मुलाला दुसरीकडेच बसवलं तर? बाईंचा पण पट राहील.

बाईंचं भलं करायला गेलात तरी नको. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावत होते. अनेक शाळांचे पट फुगवलेले निघाले. आता शाईचं काम आधार करतं, दुसरीकडे नोंद होतच नाही. आणि ज्या शाळेत मूल बसतं तिथे त्याचं नाव नसेल तर आठवीला हातात दाखला कुणाचा येणार?

१९. आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने मूल नसतं, नाव कापतील का?

नाव कापू देऊ नका. निघण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. त्यावर मुलाची इयत्ता आणि कुठवर शिकलंय ते असतं. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिथे बसता येतं, नव्याने दाखला लागत नाही. त्याहून बरं म्हणजे आजी-आजोबांपाशी ठेवून हंगामी वसतिगृहात नाव घालणं, पण त्याची यादी तुम्ही निघायच्या आत व्हावी लागते, म्हणून सप्टेंबरमध्येच मोठ्या बाईंच्या कानावर घाला. त्या तेव्हा पटाच्या गडबडीत असतील. तरी घाला.